आधीचा फोटो बघता का, डॉक्टर?

माझ्या मुलीच्या उजव्या हाताचे माझ्याकडे सहा फोटो आहेत. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा एकच आहे. आणि मी धंद्यानं फोटोग्राफर.

आमगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइज, गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे फोटो, हे माझं काम. हाताचे सहा म्हटले ते मात्र हाडांचे, काळ्या फिल्मवरचे. आमच्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, फोटोच म्हणतात. त्यामुळे ‘पोरीचा फोटो काढायला चाललो’ असं मी म्हणायचो तेव्हा शेजारचा पानवाला हसून म्हणायचा, “घरचाच तर स्टुडिओ आहे भाऊ, गोंदियाले कायले जाता?” पहिल्या वेळी मीही हसलो. नंतर नाही.

प्रज्ञाला सिकलसेल आहे. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, किंवा दुसऱ्या कुठल्या दुखण्यापायी लेकराला वरचेवर दवाखान्यात न्यावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. मी लिहितो आहे ते दारावर लाल दिवा असलेल्या त्या खोलीबद्दल. त्या खोलीच्या आत-बाहेर आमची सहा-सात वर्षं वैतागात गेली. त्यातला थोडा वैताग मी स्वतःच ओढवून घेतला होता. तेही लिहिणार आहे.

हात फुगले

दोन हजार दोनचा हिवाळा. प्रज्ञा चौदा महिन्यांची होती. एका सकाळी रडतच उठली. दोन्ही हातांचे पंजे वरून टम्म फुगलेले. बोट लावू देईना.

“काही चावलन वाटते पोरीले,” माझी आई म्हणाली. “हळद लाव.”

सुनंदा, माझी बायको, हळदीला थांबली नाही. लेकराला टॉवेलात गुंडाळून तिनं चपला घातल्या. गावातल्या डॉक्टरांनी पंजा दाबून बघितला, प्रज्ञा किंचाळली, त्यांनी चिठ्ठी लिहिली. गोंदियाला जाऊन फोटो काढून आणा, कुठंतरी पडली असेल.

“पडली नाही डॉक्टर,” सुनंदा म्हणाली. “मी घरातच असते.”

“मुलं पडतात. आईबापाला कळत नाही.”

गोंदियातल्या त्या खाजगी सेंटरमधला माणूस घाईत होता. “पकड़ के रखो, हिलने मत दो,” म्हणाला आणि बाहेर गेला. दार अर्धं उघडंच. मी तिची मनगटं टेबलावर दाबून धरली. खट् असा आवाज झाला, संपलं. फिल्म हातात आली तशी मी ती सवयीनं उजेडाला धरली. फोटो पंजांचा सांगितला होता. फिल्मवर पंजे होते, कोपर होते, खांदे होते, छाती होती, हनुवटी होती आणि खालच्या कोपऱ्यात माझी स्वतःची बोटं होती, लग्नातल्या अंगठीसकट. अख्खं लेकरूच त्यानं चौकटीत घेतलं होतं. नवरीच्या मेंदीच्या हाताचा फोटो मागितला आणि मी सगळ्या मांडवाचा दिला, तर गिऱ्हाईक तो माझ्या तोंडावर फेकेल. इथं फेकायचं कुणी? मी फिल्म पाकिटात घातली आणि मुकाट बाहेर आलो.

“हड्डी ठीक है,” एवढंच कळलं. आठवड्यात सूज उतरली.

तीन आठवड्यांनी पाय सुजले. या वेळी डॉक्टर दुसरे, सेंटर दुसरं. प्रज्ञा आईशिवाय कुणाच्या हाती शांत राहत नव्हती, म्हणून तिला सुनंदानं धरलं. सुनंदाला तेव्हा तिसरा महिना होता. तिला कोणी विचारलं नाही. सांगायचं असतं हे तिला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मग तिरोड्याला सासुरवाडीला गेलो असताना पुन्हा हात आणि पाय दोन्ही सुजले. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, हाडात पू झाला असेल. आम्ही आधीची दोन पाकिटं पुढे केली. “दुसरीकडचे फोटो मी धरत नाही,” म्हणाले. हाताचा काढला, पायाचा काढला, पायाचा हलला म्हणून पुन्हा काढला.

दोन महिन्यांत पाच झाले. हाडं पाचही वेळा ठीक होती.

रक्त कधी तपासलं?

निदानाचा दिवस मला बारीकसारीक गोष्टींसकट आठवतो. सरकारी ग्रामीण रुग्णालय होतं. नुकत्याच बदली होऊन आलेल्या एक डॉक्टरबाई, केसांना साधी क्लिप, टेबलावर डबा उघडा पडलेला. त्या जेवायला बसणार होत्या. प्रज्ञाच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पोटाची डावी बाजू चाचपली आणि विचारलं, “हिचं रक्त कधी तपासलं?”

 मी फोटोंची पाकिटं पुढे सरकवली.

“ते नंतर. आधी रक्त.”

बोटाला टोचून दोन थेंब घेतले, एका काचेच्या नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकले. थोड्या वेळानं बाईंनी ती नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरली. पाणी गढूळ झालं होतं, पलीकडच्या रेघा दिसत नव्हत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, आम्हाला बसायला सांगितलं. पक्कं सांगायला रक्त नागपूरला पाठवावं लागलं, पण खरं तर आम्हाला तेव्हाच कळलं. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून हातपाय सुजतात, म्हणून दुखतं. पुढेही दुखत राहील. बरा होणारा नाही, सांभाळायचा आजार आहे. आणि हा तुम्हा दोघांकडून अर्धा अर्धा आलेला आहे.

आजाराचं दुःख व्हायला मला एक दिवस लागला. पहिल्या दिवशी नुसता संताप आला. एवढ्याशा लेकराला पाच वेळा त्या टेबलावर दाबून धरलं, आणि शेवटी पुरले ते दोन थेंब.

घरी आईनं ऐकलं आणि लगेच निकाल दिला. “आमच्या घरी कोनाले नाई हे असं. सुनंदाच्या माहेरून आलं असंल.”

त्या आठवड्यात सुनंदा आईशी कामापुरतंच बोलत होती. आमचे दोघांचे रिपोर्ट आल्यावर मी आईसमोर बसलो. “माय, माझ्याही रक्तात आहे ते. अर्धं माझं आहे.”

आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला. “मंग तुले माह्याकडून आलं का तुह्या बापाकडून?”

“काय माहीत.”

तिनं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, “मंग तिले काऊन बोलून राहिली होती मी?” उठून चुलीकडे गेली. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा तिनं सुनंदासाठी चहा केला आणि कप तिच्या हातात नेऊन दिला. माफीबिफी नाही. आमच्या घरात तेवढंच पुष्कळ होतं.

सुनंदाच्या मनात मात्र वेगळंच कुरतडत होतं. पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरबाईंना विचारलं, “मी पोटुशी असताना हिला धरलं होतं त्या खोलीत. पोटातल्याला काही होईल का?”

बाईंनी कशाचा फोटो होता, ती कुठं उभी होती, सगळं नीट विचारून घेतलं. “पायाचा फोटो होता. तुमच्या पोटापर्यंत पोचलं असेल ते फार थोडं. त्याची धास्ती घेऊ नका. पण त्यानं तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाला धरायला लावायला हवं होतं.”

पटलं, आणि तरी पटलं नाही. मुलगा झाला तेव्हा सुनंदानं दाईच्या हातून त्याला घेतलं आणि आधी दोन्ही हातापायांची बोटं मोजली. वीस भरली तशी रडायला लागली. पुढे त्याचं रक्त तपासलं. माझ्यासारखाच, अर्धं घेऊन फिरणारा. तब्येतीला धडधाकट.

पुराना नहीं चलेगा

त्यानंतरची वर्षं सांगायची तर सगळी सारखीच. थंडी पडली की दुखणं, ताप आला की दुखणं, पाणी कमी प्यायली की दुखणं. शाळेत जायला लागल्यावर सहलीनंतर हमखास. एक पिशवी कायम भरलेली असायची: गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन फ्रॉक, गोळ्या, चिवडा. वॉर्डात सलाइन लावायला शीर सापडायची नाही. प्रज्ञा स्वतःच सांगायची, “सिस्टर, डाव्या हाताची घ्या, ती चांगली आहे.” पाच वर्षांची होती.

आणि प्रत्येक वेळी फोटो.

आमगाव, गोंदिया, एक-दोनदा नागपूर. जिथं जाऊ तिथं आधीचं पाकीट पुढे करायचो, आणि ते न उघडता बाजूला ठेवलं जायचं. “पुराना नहीं चलेगा, हमारे यहाँ का लगेगा.” नव्या फोटोत काय दिसलं विचारलं तर, काही नाही. एका दवाखान्यात फिल्म जमा करून घेतली. सुट्टी होताना मागितली तर म्हणाले रेकॉर्डला गेली. आठ दिवसांनी दुखणं उलटलं म्हणून तिथंच गेलो, तर रेकॉर्डमध्ये सापडत नाही, नवीन काढा. त्याच दवाखान्यात, त्याच मांडीचा! मी काउंटरवर हात आपटला. काउंटरला काही झालं नाही, माझा हात मात्र दिवसभर दुखला.

डॉक्टरबाईंनी एकदा समजावून सांगितलं होतं की हाडाचं दुखणं सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत साध्या फोटोत बदल दिसतच नाही, दिसायला वेळ लागतो. पडली-झडली नसेल, तर पहिल्याच दिवशी हातापायाचा फोटो काढून बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. हे मी गोंदियाच्या एका डॉक्टरांना नम्रपणे सांगून बघितलं. ते लिहिता लिहिता थांबले. “आप डॉक्टर हैं?”

“नाही. फोटोग्राफर.”

“तो शादी के फोटो खींचिए.”

त्याच दिवशी खाली एक्स-रेच्या खोलीत अजून एक प्रकार झाला. तिथला माणूस ओली फिल्म घेऊन बाहेर आला, ट्यूबलाइटला धरून म्हणाला, “हिल गई. फिर से लेना पड़ेगा.” मी फिल्म बघितली. प्रज्ञा हलली नव्हती. हललेला फोटो मी रोज बघतो, त्यात कडा दुहेरी येतात. इथं कडा धारदार होत्या, सगळी फिल्मच करड्या धुक्यात गेल्यासारखी होती. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, मेला होता. किती दिवस बदलला नव्हता कोण जाणे.

“भाऊ, पोरगी नाही हलली. तुमचं औषध शिळं आहे. आधी ते बदला, नाहीतर दुसरीही अशीच येईल.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या घरात शिरून भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. फोटो पुन्हा काढला. पुन्हा करडाच आला. मग डॉक्टर म्हणाले, चलेगा.

माझ्या स्टुडिओत डेव्हलपर शिळा झाला तर माझा एक कागद वाया जातो. इथं त्यांच्या आळसापायी माझ्या लेकराच्या अंगातून किरणं दुसऱ्यांदा गेली. हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर ऐकणारा विचारतो, एका फोटोनं काय होतं? आणि त्याचं उत्तर मला देता यायचं नाही.

रहांगडालेबाई

ते उत्तर दिलं एका सरकारी दवाखान्यातल्या टेक्निशियनबाईंनी. आडनाव रहांगडाले, पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. प्रज्ञा तेव्हा सहा वर्षांची होती, ताप आणि खोकला होता म्हणून छातीचा फोटो सांगितला होता. मी नेहमीच्या तयारीनं, म्हणजे भांडायच्या तयारीनं आत गेलो.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “आधीचे फोटो आणले का?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पाच वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी फोटोंची पिशवी दिली. त्यांनी एकेक पाकीट उघडलं, उजेडाच्या पेटीवर लावलं, तारखा बघितल्या. माझ्या बोटांचा तो पहिला फोटो बघून त्यांनी जीभ चावली. “हे कुणी काढलं? असू दे, सांगू नका.”

मग सुनंदाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “पाळी वेळेवर आली ना? दिवस नाहीत ना?” सुनंदा नाही म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. बाईंना कारण कळलं नाही. त्यांनी तिला बाहेर बसवलं, मला शिशाचा जड एप्रन घालायला दिला. मशीनची बत्ती लावली, प्रज्ञाच्या छातीवर उजेडाचा चौकोन पडला. बाई तो चौकोन चारी बाजूंनी आत घेत गेल्या. हनुवटी बाहेर, पोट बाहेर, हात बाहेर.

“एवढंच पाहिजे तर एवढंच घ्यायचं,” त्या प्रज्ञाला म्हणाल्या. “आणि तू लहान आहेस ना, म्हणून मशीनलापण लहान करायचं. मोठ्या माणसाएवढं तुला लागत नाही. आता पुतळा हो बरं, श्वाससुद्धा नको.”

प्रज्ञा पुतळा झाली. एका दमात फोटो झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “बाई, खरं सांगा. एका फोटोनं काय होतं?”

“एकानं घाबरण्यासारखं काही होत नाही भाऊ. लागतो तेव्हा काढलाच पाहिजे. पण लेकराचं अंग वाढतं असतं, आणि त्याला पुढं सगळं आयुष्य काढायचं असतं. म्हणून जो लागत नाही, तो एकही कशाला? धोका थोडा असला तरी फुकटचा कशाला घ्यायचा?” त्यांनी चष्मा पुसला. “आणि पोटाचं, डोक्याचं सीटी सांगितलं तर जास्त नीट विचारा. त्याच्यात साध्या फोटोपेक्षा पुष्कळ जास्त असतं. सोनोग्राफीवर भागतं का, तेवढं विचारा. मात्र खरंच लागलं तर अडून बसू नका. विचारायला भीत नका जाऊ.”

मी विचारायला भ्यायचं सोडलं. पण बाईंच्या बोलण्यातलं अर्धंच ऐकलं.

माझी जबाबदारी

घरी येऊन मी एक वही केली. तारीख, दवाखाना, कशाचा फोटो, कुणी सांगितला, काय निघालं. फिल्मा ओळीनं लावल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण वही भरत गेली तशी माझ्या अंगात एक अहंकार भरत गेला. मी दवाखान्यात शिरायचो तो वकिलासारखा. दोनदा नको असलेले फोटो टाळले, एकदा पोटाचं सीटी टळून सोनोग्राफीवर भागलं. त्यामुळे मला वाटायला लागलं की मीच बरोबर. वॉर्डात माझं नावच पडलं होतं, “वो फोटोवाला आया.”

सुनंदा वैतागायची. “तुम्ही तिकडे भांडत राहता, आणि इकडे ती मला विचारते, बाबा कोणावर ओरडतात.”

“तिच्यासाठीच भांडतो ना?”

“तिला विचारा एकदा, तिला काय पाहिजे ते.”

मी विचारलं नाही.

प्रज्ञा सात वर्षांची असतानाची गोष्ट. धानाची रोवणी नुकतीच संपली होती. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखतं म्हणाली. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, दहाच्या सुमाराला भरती केलं. डॉक्टर वयस्क होते, तुटक बोलणारे. छातीला नळी लावून ऐकलं, म्हणाले, “चेस्ट की फोटो. अभी.”

मी पिशवी उघडली. “छातीचा दोन महिन्यांपूर्वीच काढलाय. साफ आहे. हा बघा.”

“आज की नई फोटो चाहिए.”

“कशाला? तुम्ही हा बघितलासुद्धा नाही. आधी हा बघा, मग बोला.”

ते समजावत बसणारे नव्हते आणि मी ऐकणारा नव्हतो. आवाज चढले. त्यांनी कागद पुढे केला, नकार असेल तर लिहून द्या. मी लिहून दिलं. माझ्या जबाबदारीवर फोटोला नकार देत आहे, खाली सही. सही करताना मला चक्क जिंकल्यासारखं वाटलं.

सलाइन सुरू होतं, तापाचं औषध सुरू होतं. बारा वाजता प्रज्ञानं बोलणं कमी केलं. मला वाटलं, झोप येते आहे. दोन वाजता तिच्या नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलत होत्या. सुनंदा म्हणाली, “तिचे ओठ बघा.” मी बघितले, निळसर वाटले, आणि म्हणालो, उजेड कमी आहे इथं. आयुष्यभर उजेड मोजत आलेला माणूस मी. खिडकीतून ऊन येत होतं.

सुनंदा उठली. माझ्याकडे न बघता धावत गेली, डॉक्टरांना घेऊन आली. “फोटो काढा. मी सही करते. ह्यांचं ऐकू नका.”

तीन वाजून गेले होते. मशीन वॉर्डातच आणलं. फिल्म आली. उजवं फुप्फुस खालून अर्धं पांढरं झालं होतं. मग धावपळ झाली, ऑक्सिजन, दुसरी औषधं, रक्त चढवायची तयारी. माझं रक्त चालणार नाही म्हणाले. ‘विहारात भेटतो तो शिक्षक मित्र’ एवढीच माझी ज्याच्याशी ओळख होती, तो आला आणि त्यानं रक्त दिलं. “जयभीम, होईल बरी,” म्हणाला आणि बिस्किट खाऊन शाळेत परत गेला. अशी माणसं भेटतात म्हणून दिवस निभतात.

संध्याकाळी थोडी उसंत मिळाल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, माझा जुना आणि आजचा.

“मेश्रामजी, आप तो फोटोग्राफर हैं,” ते म्हणाले. “पुरानी फोटो में आज की तकलीफ कैसे दिखेगी?”

मी जुन्या फिल्मच्या कोपऱ्यातली तारीख बघत राहिलो.

“ये पुरानी भी काम की है,” तेच पुढे म्हणाले. “इससे पता चला कि ये दाग नया है. सम्भाल के रखी, अच्छा किया. लेकिन पाँच घंटे...” पुढे त्यांनी हात नुसता हलवला.

प्रज्ञा नऊ दिवस तिथं होती. चौथ्या दिवशी तिनं चिवडा मागितला, तेव्हा सुनंदा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, “चिवडा आणा.” महिनाभर आमच्यात त्याहून जास्त बोलणं झालं नाही. मी तिला दोष देत नाही. तिनं मला कधी सुनावलंही नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर

मी रहांगडालेबाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलं झापलं. “मी म्हटलं होतं लागतो तेव्हा काढलाच पाहिजे. ते कुठं गेलं? किरणांची भीती घालून मी लेकरं मारायला बसले आहे का इथं?” मग पाणी दिलं. म्हणाल्या, “नाही म्हणायला नका शिकू. विचारायला शिका. आणि उत्तर पटलं तर गप्प बसायलाही शिका.”

तेव्हापासून मी तेच करतो. आज हा फोटो काढून तुमचं औषध बदलणार आहे का, एवढं विचारतो. बदलणार असेल तर पिशवी त्यांच्या हातात देतो आणि बाजूला होतो. थांबून चालत असेल तर थांबू का, विचारतो. चौकोन लहान घ्या, मशीन लेकराच्या मापाचं ठेवा, धरणाऱ्याला एप्रन द्या, धरणारी पोटुशी नाही ना बघा, हे हात जोडून सांगतो. दहातले चार अजून वैतागतात. वैतागू देत. सहा जण पाकीट उघडून बघायला लागले आहेत.

आता माझ्या स्टुडिओत फिल्म संपली, सगळं संगणकावर आलं. दवाखान्यातही बहुतेक ठिकाणी आलं. मला भाबडी आशा होती की आता तरी एका दवाखान्यातला फोटो दुसऱ्यात दिसेल. नाही दिसत. सीडी देतात, ती दुसऱ्याकडे उघडत नाही. मग काय, नवीन काढा. पुन्हा तेच रडगाणं, फक्त चकचकीत.

प्रज्ञा तेरा वर्षांची झाली. मागच्या महिन्यात तिला नागपूरला नेलं होतं. खांदा दीड महिना दुखत होता, हात वर जाईना. तिथल्या डॉक्टरांनी जुनं सगळं बघितलं, सांधा झिजायला लागला का बघायला फोटो हवा म्हणाले. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, पटलं. तिला आता धरायला कुणी लागत नाही. ती एकटीच आत गेली. दार बंद झालं, आणि मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाकावर रिकाम्या हातानं बसलो.

बराच वेळ झाला. आतून तिचा आवाज आला, मग त्या माणसाचा, मग पुन्हा तिचा. मी अर्धा उठलो. सुनंदानं माझ्या मनगटाला धरून मला खाली बसवलं.

दार उघडलं. प्रज्ञा ओढणी नीट करत बाहेर आली.

“काय झालं? भांडलीस?”

“भांडली नाही. सांगितलं त्यांना.”

“काय?”

“कागदावर डावा खांदा लिहिला होता, बाबा. माझा उजवा दुखते.”

“मग?”

“मग त्यांनी वर डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि उजव्याचा काढला. एकच.” ती माझ्या शेजारी बसली. “पाणी द्या ना.”